नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटचे वस्ताद

न्यूयॉर्कच्या एट्थ अ‍ॅव्हेन्यूवर, ५४ आणि ५५ नंबरच्या रस्त्यांच्या मध्ये, स्टिलमन्स जिम होतं. मॅनहॅटनचा हा भाग आज असा चकचकीत आहे की इथे एक कळकट जिना होता आणि तो चढून गेलं की घाम, मालिशचं तेल आणि सिगार यांचा एकत्र वास नाकात शिरायचा, हे सांगूनही कुणाला खरं वाटू नये. १९५९ मध्ये जिम बंद पडलं, पुढे इमारतही गेली. एडिसनहून मला घेऊन आलेल्या भाच्याने फुटपाथवर उभं राहून वरखाली पाहिलं. "मामा, इथे नेमकं बघायचं काय?"

मी त्याला सांगत सुटलो. वर दोन रिंगा होत्या. उंच स्टुलावर मालक लू स्टिलमन बसलेला असे आणि कुणी कुठल्या रिंगमध्ये उतरायचं ते माईकवरून खेकसून सांगे. मग समोर जगज्जेता असो की कालच आलेला पोरगा. त्याच्या कमरेला पिस्तूल असे. खिडक्या उघडायची परवानगी नव्हती. भिंतीलगतच्या सार्वजनिक टेलिफोनांना मॅनेजर लोक चिकटलेले असायचे आणि तिथूनच लढती ठरायच्या. कुणीही चार पैसे टाकून खुर्चीवर बसावं आणि जगातले सर्वोत्तम बॉक्सर सराव करताना बघावेत. ए. जे. लीबलिंग या 'न्यूयॉर्कर'च्या लेखकाने या जागेला एट्थ अ‍ॅव्हेन्यूचं विद्यापीठ म्हटलं होतं, आणि ते कौतुकापुरतं नव्हतं. रे आर्सेल, चार्ली गोल्डमन, व्हायटी बिमस्टीन हे इथले वस्ताद. त्यांच्या हाताखाली बादल्या उचलत, बँडेज बांधायला शिकत वावरणारा एक तरुण होता, अँजेलो डंडी. तो पुढे मायामी बीचला गेला. तिथल्या फिफ्थ स्ट्रीट जिममध्ये त्याच्याकडे कॅशियस क्ले नावाचा मुलगा आला आणि जगाला मुहम्मद अली मिळाला.

"म्हणजे अली इथलाच," भाचा म्हणाला. एका अर्थी, हो.

माझं हे वेड खडकीचं. लहानपणी लष्करी भागात जवानांच्या लढती बघायला आम्ही पोरं कुंपणाला लटकायचो. सगळे आरडाओरडा करायचे तो मार बसल्यावर. मला मात्र एक सडपातळ जवान आठवतो, ज्याला मारच बसायचा नाही. समोरचा हात फिरवी आणि हा तिथे नसे. लांब पळालेला नसे, जेमतेम चार बोटं सरकलेला असे. १९८० च्या जानेवारीत अली दिल्लीला आला, आपल्या कौर सिंगबरोबर प्रदर्शनीय लढत खेळला, तेव्हा वर्तमानपत्रातल्या फोटोतही मी त्याचे पायच बघत होतो. पुढे कॅसेटी मिळाल्या, मग इंटरनेट आलं, आणि जुन्या कृष्णधवल फितींमधून अशी माणसं एकामागून एक भेटत गेली. हार्टफर्डचा विली पेप हा त्यांतला सर्वांत मोठा. फेदरवेट गटाचा हा जगज्जेता २४१ लढती खेळला आणि त्यातल्या २२९ जिंकला. १९४७ मध्ये विमान अपघातात त्याचं अंग खिळखिळं झालं, आणि त्याच वर्षी तो पुन्हा रिंगमध्ये उतरून जिंकला. एका आख्ख्या फेरीत एकही ठोसा न मारता त्याने ती फेरी जिंकली, अशी १९४६ सालच्या एका लढतीची आख्यायिका आहे. अभ्यासकांचा तिच्यावर विश्वास नाही. पण अशी गोष्ट लोकांना ज्याच्याबद्दल खरी वाटू शकते, तो माणूस कसा खेळत असेल!

दुसऱ्या दिवशी आम्ही ब्रुकलिनला ग्लीसन्स जिममध्ये गेलो. १९३७ मध्ये ब्राँक्समध्ये हे सुरू झालं. मालक इटालियन, पीटर गाग्लियार्डी. तेव्हा आयरिश गिऱ्हाईक खेचायचं म्हणून त्याने बॉबी ग्लीसन हे नाव घेतलं. ब्राँक्समधून मॅनहॅटन, तिथून ब्रुकलिन, आणि ब्रुकलिनमध्येही जागाबदल, असं करत ते टिकून राहिलं आहे. जेक लामोटा, अली, रॉबर्टो डुरान इथे घाम गाळून गेले. भिंतीवर रोमन कवी व्हर्जिलचं वचन रंगवलेलं आहे. आता नदीकाठचा हा भाग महागड्या फ्लॅटांचा झाला आहे आणि जिममध्ये कंपन्यांत काम करणारी मुलं-मुली, शाळकरी पोरं आणि खरे व्यावसायिक बॉक्सर शेजारी शेजारी सराव करतात. काही जुन्या लोकांना हे खटकतं. मला नाही खटकलं. फीचे पैसे येतात म्हणून दिवे चालू आहेत, आणि दिवे चालू आहेत म्हणून कोपऱ्यातला एखादा म्हातारा अजून एखाद्या पोराला जॅब शिकवतो आहे. तीन मिनिटांची घंटा, मग विश्रांतीची घंटा, पुन्हा तीन मिनिटं. सगळी खोली त्या घंटेवर श्वास घेत होती.

तरी मला जायचं होतं ते फिलाडेल्फियाला. ट्रेंटनला गाडी बदलून आम्ही तिथे पोचलो, सिटी हॉलपाशी ब्रॉड स्ट्रीट लाइन पकडली आणि जिरार्ड स्टेशनला वर आलो. नॉर्थ ब्रॉड स्ट्रीट हा लांबच लांब, सरळ रस्ता आहे. मोठी चर्चेस, एकेकाळच्या श्रीमंतांची दगडी घरं, मध्येच फळ्या ठोकलेल्या खिडक्या, मध्येच टेम्पल विद्यापीठाच्या काचेच्या नव्या इमारती.

१३१४ नंबरला ब्लू होरायझन, बॉक्सिंगचं जुनं सभागृह. मुळात ही १८६५ च्या सुमाराची घरं. १९६१ मध्ये इथे लढती सुरू झाल्या. आत जेमतेम १३०० माणसं मावायची. बाल्कनी अशी पुढे आलेली की कठड्यावर वाकणाऱ्याला खाली रिंगमध्ये नाकातून आलेलं रक्त दिसायचं आणि कोपऱ्यात वस्ताद काय सांगतो तेही ऐकू यायचं. 'द रिंग' मासिकाने जगात लढत बघायची सर्वोत्तम जागा म्हणून हिची निवड केली होती. १९६९ मध्ये रसेल पेल्ट्झ या २२ वर्षांच्या मुलाने इथे पहिला कार्यक्रम लावला आणि बेनी ब्रिस्कोला प्रमुख लढतीत उतरवलं. पुढची कित्येक वर्षं या शहराचं बॉक्सिंग त्यानेच चालवलं. २०१० मध्ये दारं बंद झाली. मी दारापाशी बराच वेळ घुटमळलो. आत जायला वाट नव्हती.

अशी सभागृहं का बंद पडली, हे लीबलिंगने १९५० च्या दशकातच ओळखलं होतं आणि तो त्यावर पोटतिडकीने लिहीत राहिला. टीव्ही घराघरांत आला. दर शुक्रवारी रात्री जिलेट कंपनी लढत दाखवी, इतर वारीही कुठे ना कुठे काही असेच. घरबसल्या फुकट दिसणारी गोष्ट बघायला कोपऱ्यावरच्या क्लबात तिकीट काढून कोण जाणार? गल्लीतला क्लब बंद झाला की नवख्या मुलाची शिकायची जागाच गेली. पूर्वी तो छोट्या सभागृहांत पन्नास-साठ लढती खेळून, हरून, पुन्हा जिंकून मोठ्या रिंगमध्ये यायचा. आता पडद्यासाठी माणसं लागत होती, म्हणून कच्च्या पोरांना पुढे ढकललं गेलं. शिवाय पुरस्कर्त्यांना पडापडी हवी. दहा फेऱ्या समोरच्याला हवेत ठोसे मारायला लावणारा माणूस पडद्यावर कुणाला नको होता. शुगर रे रॉबिन्सन सुमारे २०० लढती खेळला. आजचा जगज्जेता वर्षाला एक-दोनदा उतरतो. जिममधला सराव कितीही केला तरी खऱ्या लढतीत हजार वेळा चकवून झाल्यावर अंगात जे मुरतं, ते त्याच्या वाट्याला येत नाही. मला यात आजच्या मुलांचा काही दोष वाटत नाही. त्यांना शिकायच्या जागाच मिळाल्या नाहीत.

पुन्हा भुयारी गाडी घेऊन आम्ही वर गेलो, नॉर्थ फिलाडेल्फिया स्टेशनला. २९१७ नॉर्थ ब्रॉड. रेल्वेच्या पुलाजवळची तीन मजली जुनी इमारत, आणि तिच्या कपाळावर कोरलेली अक्षरं: जो फ्रेझर्स जिम. १९६८ मध्ये हे सुरू झालं, २००८ मध्ये बंद झालं. अलीला पहिल्यांदा हरवणारा फ्रेझर कितीतरी वर्षं याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत होता. २०११ मध्ये तो गेला. तोवर इथे स्वस्त फर्निचरचं दुकान आलेलं होतं. इमारत पाडली जाईल या भीतीने लोक जागे झाले, आणि २०१३ मध्ये तिची राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाच्या यादीत नोंद झाली. तिथून दूर, कला संग्रहालयाच्या पायऱ्यांशी, रॉकी या सिनेमातल्या बॉक्सरचा पुतळा आहे आणि तिथे फोटोला रांगा लागतात. कत्तलखान्यात काम करता करता टांगलेल्या मांसावर ठोसे मारणारा खरा माणूस फ्रेझर होता. त्याचा पुतळा या शहरात २०१५ मध्ये उभा राहिला, तो गेल्यावर चार वर्षांनी. मला याचा राग येतो, आणि तो लपवायचं काही कारण नाही.

पण या दारापाशी मी आलो होतो तो फ्रेझरसाठी नव्हे, जॉर्जी बेंटनसाठी. बेंटन याच नॉर्थ फिलाडेल्फियाचा. मिडलवेट. ७५ लढती, त्यातल्या ६१ जिंकलेल्या. १९६२ मध्ये त्याने आपल्याच शहरातल्या जोई जिआर्डेलोला हरवलं. न्यायाने जगज्जेतेपदाची संधी त्याला मिळायला हवी होती. मिळाली जिआर्डेलोला. १९६३ मध्ये डिक टायगरला हरवून जिआर्डेलो जगज्जेता झाला. बेंटनला ती लढत जन्मात मिळाली नाही. हरायची खात्री आणि पैसा कमी, मग त्याच्याशी लढणार कोण? १९७० मध्ये त्याला बंदुकीची गोळी लागली आणि खेळ संपला.

मग तो या इमारतीत आला. फ्रेझरच्या कोपऱ्यात एडी फच मुख्य होता. डेट्रॉइटला तरुणपणी, पुढे जगज्जेता झालेल्या जो लुईसबरोबर सराव केलेला हा माणूस. आणि जो लुईसला घडवणारा जॅक ब्लॅकबर्न तरुणपणी फिलाडेल्फियातच लढायचा. म्हणजे ब्लॅकबर्नपासून लुईस, लुईसच्या रिंगमधून फच, आणि फचच्या शेजारी बादली घेऊन उभा बेंटन. १९७५ मध्ये मनिलाला अलीविरुद्धच्या लढतीत चौदाव्या फेरीनंतर, फ्रेझर नको म्हणत असताना, फचने लढत थांबवली तेव्हा बेंटन त्या कोपऱ्यात होता. आपल्याकडे तालमीत एक वस्ताद दुसऱ्याच्या हाती पेच सोपवून जातो, तसं हे चाललं होतं. यातलं फारसं कुठल्या पुस्तकात नाही. ते हाताने हाताला दिलं जायचं. १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सने अलीला हरवलं त्यामागे बेंटन होता. त्याच वर्षीच्या परतीच्या लढतीत स्पिंक्सच्या कोपऱ्यात दहा जण ओरडायला लागले, तेव्हा लढत चालू असतानाच तो उठून निघून गेला. आणि पुढे त्याच्या हाती पर्नेल व्हिटेकर लागला.

व्हिटेकरसारखा चकवणारा माणूस माझ्या पिढीने दुसरा पाहिला नाही. १९८४ चा ऑलिम्पिक सुवर्णविजेता, डावखुरा. कधी तो इतका खाली बसे की समोरच्याचा हुक त्याच्या डोक्यावरून जाई आणि हा त्याच्या कमरेपाशी हसत असे. १९९३ च्या सप्टेंबरात सॅन अँटोनिओला त्याची गाठ पडली ८७ लढती न हरलेल्या हुलिओ सेसार चावेसशी. व्हिटेकरने त्याला बारा फेऱ्या अक्षरशः शिकवणी दिली. पंचांनी लढत बरोबरीत सोडवली. ती बरोबरी ज्याला पटली असा माणूस मला अजून भेटायचा आहे.

आसपास चौकशी करता करता एका गॅरेजच्या वर चालणाऱ्या जिमचा पत्ता लागला. जिना अरुंद. वर एकच रिंग, दोर टेपने गुंडाळलेले, त्यावर ओली हँडरॅप्स वाळत घातलेली. सत्तरी ओलांडलेले एक वस्ताद, गळ्यात टॉवेल. मी पुण्याहून आलोय आणि बेंटनबद्दल विचारतोय म्हटल्यावर त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि बाकावर जागा करून दिली. "बसा. बघा."

चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा समोर होता. त्यांनी त्याचे हात बांधले, ते बघण्यासारखं होतं. आधी मनगटाला तीन वेढे, मग गाठींवर, मग एकेका बोटाच्या बेचक्यातून पट्टी काढून पुन्हा अंगठ्याला. प्रत्येक वेढ्यानंतर "मूठ वळ," आणि मुठीवर आपलं बोट दाबून बघणं. घाई नाही. मग त्याला उभा केला. डावा खांदा वर, हनुवटी त्या खांद्यामागे, डावा हात पोटावर आडवा, उजवा पंजा गालाशी. याला अमेरिकेत सगळे फिलाडेल्फियाचा पवित्रा म्हणतात. वस्तादांनी टॉवेलचा पीळ केला आणि उजव्या ठोशासारखा मुलाच्या तोंडावर सोडला. मुलगा मागे उडाला.

"मागे कशाला? जागा सोडलीस तर मारणार कुठून?"

पुन्हा टॉवेल. या वेळी मुलाने कंबर फिरवली पण टाच जमिनीला चिकटलेली राहिली. वस्ताद गुडघ्यावर बसले. आपल्या हाताने त्यांनी मुलाची पुढच्या पायाची टाच फिरवली, वजन मागच्या पायावर कसं जातं ते मांडीवर थाप मारून दाखवलं. ठोसा येतो तेव्हा तोंड वाचवायचं नसतं, पायापासून वळायचं असतं. मग खांदा आपोआप वर येतो आणि ठोसा त्यावरून घसरून जातो. समोरच्याचा हात तेवढा वेळ रिकामा लटकतो, आणि तुमचं सगळं वजन मागच्या पायावर ताणून तयार असतं. उलटा उजवा तिथूनच निघतो. पुन्हा टॉवेल, पुन्हा, पुन्हा. घंटा दोनदा झाली. मग एकदा टॉवेल खांद्यावरून सुळकन घसरला आणि मुलाचा उजवा पंजा वस्तादांच्या गालापाशी येऊन थांबला. दोघंही काही बोलले नाहीत. वस्तादांनी फक्त टॉवेल पुन्हा पिळला.

भाचा बघत होता. त्याच्या फोनकडे त्याचं लक्ष गेलं नव्हतं, हे मी पाहिलं.

विश्रांतीच्या मिनिटात मी वस्तादांना मेल्ड्रिक टेलरबद्दल विचारलं. त्यांनी मान हलवली. टेलर याच शहराचा, विजेसारखे हात. १९९० च्या मार्चमध्ये चावेसविरुद्ध तो गुणांवर पुढे होता. बाराव्या फेरीआधी त्याच्या कोपऱ्यातून त्याला सांगितलं गेलं की ही फेरी जिंकायलाच हवी. तो मारामारीला भिडला. चावेसने त्याला पाडलं आणि दोन सेकंद उरलेली असताना पंचाने लढत थांबवली. पुढे त्याच्या बोलण्यावरही त्या माराचा परिणाम दिसू लागला. त्या कोपऱ्यात बेंटनही होता. फिलाडेल्फियाच्या जिममध्ये सराव कधी सराव राहत नसे. पोरं तिथे खऱ्या लढतीसारखी भिडायची, बघायला गर्दी जमायची, आणि कित्येकांचं आयुष्य बाहेरच्या रिंगपर्यंत पोचायच्या आधीच त्या लाकडी फळ्यांवर झिजून जायचं. जुन्या दिवसांच्या आठवणीने गळा भरून येणाऱ्यांनी हेही आठवलं पाहिजे. विली पेपसारख्याचीसुद्धा उतारवयात स्मृती गेली.

"म्हणून तर आधी हे," वस्ताद म्हणाले आणि खांदा उचलून दाखवला. "मारायला कोणीही शिकवेल."

आठवडाअखेर भाच्यानेच गाडी काढली. "मामा, तुमचं ते कॅनास्टोटा करूनच टाकू." न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात, सिरॅक्यूजच्या अलीकडे हे छोटं गाव आहे. काळी जमीन, कांद्याची शेती. कांदा पिकवणाऱ्या घरातला कार्मेन बॅसिलिओ १९५७ मध्ये शुगर रे रॉबिन्सनला हरवून जगज्जेता झाला. त्याच्या आणि त्याचा पुतण्या बिली बॅकसच्या अभिमानापोटी गावाने पुढाकार घेतला आणि इथे आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेम उभं राहिलं. महामार्गावरून उतरलं की लगेच.

आत मॅडिसन स्क्वेअर गार्डनची रिंग ठेवली आहे, १९२५ पासून २००७ पर्यंत जिच्यात लढती झाल्या ती. आणि मुठींचे साचे. महाकाय हेवीवेट कार्नेराची मूठ नारळाएवढी. बाकीच्या बऱ्याच मुठी माझ्यापेक्षा फार मोठ्या नाहीत, याचं मला नवल वाटलं. विली पेपचा मान १९९० च्या पहिल्याच तुकडीतला. भाचा पुढे गेला होता. त्याने हाक मारली. "मामा, इकडे या. बेंटन सापडला."

जॉर्जी बेंटन, २००१. पण बॉक्सरांमध्ये नाही. प्रशिक्षक, मॅनेजर, प्रवर्तक यांच्यासाठी जो वेगळा वर्ग आहे, त्यात. आम्ही मागे जाऊन जिआर्डेलो शोधला. तो बॉक्सरांमध्ये होता, १९९३ पासून.

"म्हणजे ज्याला याने हरवलं तो खेळाडू, आणि हा नुसता मास्तर?" भाच्याने विचारलं. त्याला राग आला होता, आणि मला फार बरं वाटलं.

इथली निवड बॉक्सिंगवर लिहिणारे पत्रकार आणि इतिहासकार करतात. बाहेर पडताना अभिप्रायाची वही होती. तिच्यात मी १९६२ ची ती लढत नोंदवली, ७५ पैकी ६१ हा आकडा लिहिला, आणि जॉर्जी बेंटनचं नाव बॉक्सरांच्या यादीतही घ्यावं अशी विनंती केली. खाली सही केली, पुणे लिहिलं. भाच्याने माझ्या हातातून पेन घेतलं आणि त्याच्याखाली आपलीही सही केली.